छोट्या धावपट्ट्या आणि हलकी विमाने: उतरतानाच्या अपघातांचा इतिहास

प्रस्तावना

विमानविद्येचा इतिहास शिकताना आपण बहुधा पहिली उड्डाणे, विक्रम, महायुद्धे आणि मोठ्या विमान कंपन्या यांकडे पाहतो. या पाठात आपण त्याच इतिहासाची एक दुर्लक्षित बाजू पाहणार आहोत. दोन, चार किंवा वीस आसनांचे हलके विमान एखाद्या लहान धावपट्टीवर उतरताना अपघात का होतात आणि गेल्या सव्वाशे वर्षांत माणसाने या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले, हा आपला विषय आहे.

हलक्या विमानांचे सर्वाधिक अपघात उतरण्याच्या टप्प्यात होतात. त्यांतले बरेचसे किरकोळ असतात. चाक मोडते, पंखाचे टोक घासते, विमान पट्टीबाहेर जाते. काही मात्र जीवघेणे ठरतात. अपघात झाला की पहिला प्रश्न येतो, 'चूक कोणाची?' आणि उत्तर बहुतेक वेळा तयारच असते, 'वैमानिकाची'. हे उत्तर पुष्कळदा खोटे नसते, पण अपुरे असते. ते अपुरे आहे हे लक्षात येण्यास सुमारे पन्नास वर्षे लागली, आणि त्या पन्नास वर्षांची किंमत अनेकांनी प्राणांनी मोजली. या पाठाच्या शेवटी तुम्हाला एखादा अपघात-अहवाल इतिहासाचे साधन म्हणून कसा वाचावा याची कल्पना यावी, हा येथे उद्देश आहे.

१. उतरणे अवघड का असते?

इतिहासाकडे वळण्याआधी थोडे विज्ञान समजून घेऊ. विमानाला वर धरून ठेवणारे बल पंखांवरून वाहणाऱ्या हवेमुळे निर्माण होते. त्याला उत्थापन म्हणतात. वेग कमी झाला की तेवढेच उत्थापन मिळवण्यासाठी विमानाचे नाक वर करावे लागते, म्हणजेच पंख आणि समोरून येणारी हवा यांतला कोन वाढवावा लागतो. हा कोन एका मर्यादेपलीकडे गेला की पंखावरची हवा विस्कटते आणि उत्थापन एकाएकी घटते. या अवस्थेला वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. येथे इंजिन बंद पडलेले नसते. पंख काम करेनासा झालेला असतो.

उतरताना वैमानिकाला मुद्दाम या मर्यादेच्या जवळ जावे लागते. वेग फार ठेवला तर पट्टी अपुरी पडते, फार कमी केला तर स्टॉल होतो. म्हणून शेवटच्या टप्प्यात स्टॉलच्या वेगाच्या सुमारे १.३ पट वेग ठेवण्याचा नियम रूढ झाला. सेसना १७२ सारख्या चार आसनी विमानात हा वेग साधारण ६० ते ७० नॉट असतो. ६० नॉट म्हणजे ताशी सुमारे १११ किलोमीटर.

आता एक छोटा हिशेब करा. धावपट्टीवर थांबण्यासाठी विमानाची गतिज ऊर्जा खर्च करावी लागते आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के जास्त असेल तर ऊर्जा २१ टक्के जास्त. हवेतला वेग ६० नॉट आणि समोरून १० नॉटचा वारा असेल, तर जमिनीच्या संदर्भात विमान ५० नॉटने टेकते. तोच वारा पाठीमागून असेल तर ७० नॉटने टेकते. सत्तरचा वर्ग भागिले पन्नासचा वर्ग म्हणजे जवळपास दुप्पट. दोन-तीन किलोमीटरच्या मोठ्या धावपट्टीवर हा फरक पचून जातो. सहाशे मीटरच्या पट्टीवर तो पचत नाही. लहान धावपट्टीवरील अपघातांचे मूळ कारण या एका हिशेबात आहे: तेथे चुकीला जागा कमी असते.

२. पहिले अपघात आणि पहिला अहवाल

जर्मन अभियंता ओटो लिलिएंथाल याने १८९० च्या दशकात स्वतः बनवलेल्या ग्लायडरवरून सुमारे दोन हजार उड्डाणे केली. ९ ऑगस्ट १८९६ रोजी त्याच्या ग्लायडरचे नाक वर गेले, वेग संपला आणि तो सुमारे पंधरा मीटरवरून कोसळला. दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. आजच्या भाषेत हा स्टॉल होता. राइट बंधूंनी या मृत्यूचा बारकाईने विचार केला. विमानाचे नाक वर-खाली करणारा पृष्ठभाग त्यांनी पंखांच्या पुढे बसवला, त्यामागे लिलिएंथालसारखे अचानक कोसळणे टाळावे हाही एक हेतू होता.

१७ डिसेंबर १९०३ हा दिवस तुम्हाला पाठ असेल. त्या दिवशीचे चौथे आणि सर्वांत लांब उड्डाण विल्बर राइटने केले: ५९ सेकंद, ८५२ फूट. या उड्डाणाचा शेवट मात्र पाठ्यपुस्तकांत क्वचित येतो. जमिनीवर टेकताना विमानाच्या पुढच्या भागाची चौकट मोडली. ती दुरुस्त करण्याआधीच वाऱ्याच्या झोताने विमान उलटेपालटे झाले आणि ते यंत्र पुन्हा कधी उडाले नाही. म्हणजे इंजिनाच्या विमानाचा इतिहास सुरू झाला त्याच दिवशी उतरतानाच्या नुकसानीचा इतिहासही सुरू झाला.

अपघाताची रीतसर चौकशी करण्याची प्रथा ब्रिटनमध्ये १९१२ मध्ये दिसते. १३ मे १९१२ रोजी ब्रुकलँड्स येथे फ्लँडर्स कंपनीचे एकपंखी विमान कमी उंचीवर वळताना कोसळले. वैमानिक आणि प्रवासी दोघेही मरण पावले. रॉयल एरो क्लबच्या समितीने चौकशी करून अहवाल दिला. शेपूट खाली झुकलेल्या स्थितीत वळण घेण्यातला धोका वैमानिकाने ओळखला नाही, असा त्याचा आशय होता. नागरी विमान अपघाताचा हा पहिला अहवाल मानला जातो, आणि त्यात दोष थेट वैमानिकावर ठेवला आहे.

येथे थोडे थांबून विचार करा. समितीने जे पाहिले ते बरोबर होते. पण 'शेपूट खाली असताना वळणे' धोक्याचे का, हे १९१२ मध्ये कोणत्या वैमानिकाला शिकवले गेले होते? कोणालाच नाही. जे ज्ञान अस्तित्वातच नव्हते ते नसल्याबद्दल मृत वैमानिकाला दोषी धरले गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अहवालाला विचारायचा पहिला प्रश्न येथून मिळतो: त्या काळी त्या व्यक्तीला काय ठाऊक असणे शक्य होते?

३. वळणातली गिरकी आणि गॉस्पोर्टची शाळा

त्याच वर्षी, २५ ऑगस्ट १९१२ रोजी, इंग्लंडमधील सॉल्सबरीच्या मैदानावर विल्फ्रेड पार्क हा नौदलाचा वैमानिक एव्हरो विमानाची चाचणी संपवून खाली येत होता. उतरण्याच्या वळणात विमान स्वतःभोवती गिरक्या घेत कोसळू लागले. या अवस्थेला 'स्पिन' म्हणतात. त्या काळी स्पिन म्हणजे मृत्यू असेच समजले जाई. पार्कने नेहमीचे उपाय करून पाहिले, ते चालेनात. शेवटी त्याने रडर गिरकीच्या उलट दिशेला दाबला आणि जमिनीपासून अगदी थोड्या उंचीवर विमान सावरले. तो वाचला म्हणून त्याने काय केले हे इतरांना कळले. तोवर स्पिनमध्ये सापडलेले बहुतेक वैमानिक काही सांगायला उरले नव्हते.

उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणात हा धोका आजही सर्वांत मोठा आहे. त्याचे कारण पाहा. विमान वळणात कलले की पंखांना अधिक भार उचलावा लागतो. ४५ अंश कलले तर स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्के वाढतो, ६० अंश कलले तर सुमारे ४१ टक्के. समजा, वैमानिक धावपट्टीच्या रेषेपलीकडे गेला. वळण घट्ट करावे म्हणून तो विमान आणखी कलवतो, नाक वर ओढतो आणि रडर जास्त दाबतो. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की एक पंख आधी स्टॉल होतो आणि गिरकी सुरू होते. उंची शंभर-दोनशे मीटर असल्याने उपाय माहीत असूनही वेळ उरत नाही.

यावर उपाय प्रशिक्षणातून आला. पहिल्या महायुद्धात शिकाऊ वैमानिक मोठ्या संख्येने मरत होते. १९१७ मध्ये रॉबर्ट स्मिथ-बॅरी याने गॉस्पोर्ट येथील शाळेत पद्धतच बदलली. दुहेरी नियंत्रणांच्या विमानात शिक्षक सोबत बसू लागला, आणि धोकादायक अवस्था टाळायला सांगण्याऐवजी शिक्षक विद्यार्थ्याला मुद्दाम तिच्यात नेऊन बाहेर यायला शिकवू लागला. आज भारतातला प्रत्येक शिकाऊ वैमानिक सुरक्षित उंचीवर स्टॉलचा सराव करतो, त्याची मुळे गॉस्पोर्टमध्ये आहेत.

४. गवताच्या मैदानापासून पक्क्या पट्टीपर्यंत

आता एका अशा बदलाकडे पाहू जो वरवर प्रगती वाटतो, पण ज्याने नवा अपघात जन्माला घातला. १९२० आणि १९३० च्या दशकांतले विमानतळ म्हणजे बहुधा चौकोनी किंवा गोल गवताळ मैदाने असत. वैमानिक वर लावलेला कापडी विंडसॉक पाहून वारा ज्या दिशेने येत असेल त्याच दिशेला तोंड करून उतरे. द हॅविलँड मॉथसारखी हलकी विमाने अशा मैदानांसाठीच होती. त्यांना शेपटाखाली चाकाऐवजी घासणारी पट्टी असे आणि ब्रेक नसत.

भारतातील नागरी उड्डाणाची सुरुवात याच विमानांनी झाली. १९२८ च्या सुमारास दिल्ली, मुंबई, कराची आणि कोलकाता येथे फ्लाइंग क्लब स्थापन झाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूचे मैदान समुद्रालगतच्या चिखलट जमिनीवर होते. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, तेव्हा टाटांची सेवा पुण्याच्या मैदानावर हलवावी लागे. धावपट्टी वर्षाचे बारा महिने सारखी नसते, ही गोष्ट भारतीय वैमानिकांना पहिल्याच पावसाळ्यांत समजली.

वजनदार विमाने आली तसे गवत पुरेना. पक्क्या धावपट्ट्या बांधल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धात त्यांची संख्या झपाट्याने वाढली. पक्की पट्टी म्हणजे ठरलेली दिशा. वारा मात्र ठरलेल्या दिशेने येत नाही. त्यामुळे 'आडवा वारा' ही रोजची अडचण झाली, आणि शेपटाखाली चाक असलेल्या विमानांना ती विशेष जाचली. या विमानांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. टेकल्यावर विमान थोडे तिरके झाले की मागचे वजन पुढे येऊ पाहते आणि विमान जागच्या जागी गरकन फिरते. यालाच 'ग्राउंड लूप' म्हणतात. गवतावर चाके थोडी घसरत, म्हणून विमान पुष्कळदा निभावून जाई. डांबरावर चाके पकड घेतात आणि पंख जमिनीला लागतो.

छोट्या पट्टीच्या शेजारी मोठी पट्टी आली की आणखी एक प्रकार घडतो. जुहू आणि सांताक्रूझ या मुंबईतल्या धावपट्ट्या एकमेकींच्या जवळ आणि जवळजवळ समांतर आहेत. जुलै १९५३ मध्ये बी. ओ. ए. सी.चे कॉमेट जेट चुकून जुहूला उतरले; ते सुखरूप होते आणि काही दिवसांनी तेथून उडवून नेण्यात आले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ विमानही सांताक्रूझ समजून जुहूवर उतरले, पट्टी संपल्यावर पुढे गेले आणि निकामी झाले. जीवितहानी झाली नाही. ही विमाने हलकी नव्हती, पण वीस वर्षांच्या अंतराने तीच चूक दोन वेगळ्या वैमानिकांकडून होते, तेव्हा चूक केवळ वैमानिकात असते की जागेतही, हा प्रश्न विचारावाच लागतो.

५. नाकाखालचे चाक

ग्राउंड लूपवर दोन प्रकारचे उपाय शोधले गेले. एक म्हणजे आडव्या वाऱ्यात चाकेच थोडी वळतील अशी रचना; ती १९५० च्या सुमारास काही सेसना विमानांवर बसवता येत असे, पण फार रुजली नाही. दुसरा उपाय इतिहासजमा होण्याऐवजी सार्वत्रिक झाला. अमेरिकी अभियंता फ्रेड विक याने १९३० च्या दशकात शेपटाचे चाक काढून नाकाखाली चाक दिले. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे आला, आणि तिरके टेकलेले विमान आपोआप सरळ होऊ लागले. त्याचे अर्कूप हे विमान १९३७ मध्ये प्रथम उडाले. ते सहजासहजी स्पिनमध्ये जाणार नाही अशीही त्याची रचना होती.

१९५६ मध्ये बाजारात आलेले सेसना १७२ हे मुळात शेपटाखाली चाक असलेल्या सेसना १७० चेच रूपांतर होते. पुढे ते जगात सर्वाधिक संख्येने बनवले गेलेले विमान ठरले. भारतातल्या अनेक प्रशिक्षण संस्थांत तुम्हाला तेच विमान दिसेल.

मात्र अपघात संपले नाहीत; त्यांचे रूप बदलले. वेग जास्त ठेवून आलेला वैमानिक विमान जबरदस्तीने खाली टेकवतो, नाकाचे चाक आधी लागते, विमान उसळते, तो नाक खाली दाबतो, ते आणखी जोरात आदळते. दोन-तीन उसळ्यांत नाकाचे चाक मोडते आणि पंखा जमिनीला लागतो. यावरचा उपाय साधा आहे: पहिली उसळी आली की इंजिनाला पूर्ण शक्ती देऊन पुन्हा वर जाणे. पण पट्टी समोर दिसत असताना 'एवढ्यात टेकेलच' असे वाटते. तंत्रज्ञानाच्या इतिहासात हे वारंवार दिसते की सुधारणा जुना धोका दूर करते आणि सवयींना नव्या धोक्यापर्यंत नेते.

६. 'वैमानिकाची चूक' या शब्दांची झडती

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलाला एक विचित्र प्रकार दिसला. बी-१७ बॉम्बर विमाने सुखरूप उतरल्यावर धावपट्टीवर चालत असतानाच वैमानिक चुकून चाके आत ओढत आणि विमान पोटावर बसे. मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चपानिस याने वैमानिकांपेक्षा कॉकपिटकडे लक्ष दिले. पंखावरचे फ्लॅप आत घेण्याचा खटका आणि चाके आत घेण्याचा खटका शेजारी शेजारी होते आणि हाताला सारखेच लागत. त्याने उपाय सुचवला: चाकांच्या खटक्याला चाकासारखी मूठ आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीसारखी मूठ. १९४७ मध्ये पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांनी सांगितलेल्या अशा ४६० चुकांचा अभ्यास केला आणि त्यांतल्या पुष्कळशा चुका यंत्राच्या रचनेतून येतात असे दाखवले.

हा धडा हलक्या विमानांपर्यंत पोहोचायला वेळ लागला. १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने बीचक्राफ्टच्या बोनान्झा आणि बॅरन या विमानांत जमिनीवर असताना चाके आत ओढली जाण्याच्या अपघातांचा खास अभ्यास प्रसिद्ध केला. या विमानांच्या बऱ्याच मालिकांत चाकांचा आणि फ्लॅपचा खटका इतर विमानांच्या उलट जागी होता. दुसऱ्या विमानावर हात बसलेला वैमानिक येथे नेमका चुकीचा खटका ओढे. अभ्यासाच्या शीर्षकातच या अपघातांना रचनेतून उद्भवलेले म्हटले आहे. १९१२ च्या अहवालाशी याची तुलना करा. चौकशीची भाषा किती बदलली हे लगेच लक्षात येईल.

डोळ्यांच्या बाबतीतही हेच. अरुंद धावपट्टी वैमानिकाला आपण जास्त उंचावर आहोत असा भास देते. चढणीची धावपट्टीही तसाच भास देते. परिणामी तो नकळत गरजेपेक्षा खाली येतो. लहान पट्ट्या बहुधा अरुंद असतात, डोंगरातल्या पट्ट्या चढणीच्या. म्हणून मोठ्या विमानतळांवर लाल-पांढऱ्या दिव्यांची ओळ उतरण्याचा कोन बरोबर आहे की नाही ते दाखवते: दोन लाल आणि दोन पांढरे दिसले म्हणजे कोन योग्य. अनेक छोट्या पट्ट्यांवर मात्र वैमानिकाला विंडसॉक आणि स्वतःचा अंदाज यांवरच भागवावे लागते.

७. लुक्ला आणि जोमसोम: धावपट्टी कोणासाठी?

आतापर्यंत आपण वैमानिक आणि विमान यांचा विचार केला. आता धावपट्टी मुळात तेथे का असते ते पाहू. नेपाळमधील लुक्ला हे त्यासाठी चांगले उदाहरण आहे.

एव्हरेस्टवर प्रथम पोहोचलेले सर एडमंड हिलरी यांनी शेर्पा वस्त्यांसाठी शाळा आणि रुग्णालये उभारण्याचे काम हाती घेतले. सामान आणण्यासाठी १९६४ मध्ये लुक्ला येथे धावपट्टी तयार करण्यात आली. सपाट शेतजमीन देण्यास शेतकरी तयार नव्हते म्हणून उतारावरची जागा घेतली गेली, असे सांगितले जाते. यात नवल नाही. डोंगरात सपाट जमीन म्हणजे वर्षाचे धान्य. या पट्टीची लांबी आज ५२७ मीटर आणि चढ सुमारे १२ टक्के आहे, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ती जवळपास ६० मीटर चढते. खालच्या टोकाला दरी आणि वरच्या टोकापलीकडे डोंगर. विमाने चढावर उतरतात आणि उतारावरून उडतात. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे २,८५० मीटर असल्याने हवा विरळ असते. त्यामुळे वेगदर्शकावर तोच आकडा असूनही जमिनीवरचा वेग सुमारे १५ टक्के जास्त असतो. चढामुळे विमान लवकर थांबते, पण शेवटच्या क्षणी पुन्हा वर जाण्याची सोय उरत नाही. उतरायचे की नाही हा निर्णय बराच आधी घ्यावा लागतो.

२००१ मध्ये ही पट्टी पक्की झाली. ८ ऑक्टोबर २००८ रोजी यती एअरलाइन्सचे ट्विन ऑटर विमान धुक्यात धावपट्टीच्या अलीकडेच आदळले. १९ पैकी १८ जण मरण पावले, फक्त कप्तान वाचला. २७ मे २०१७ रोजी एक मालवाहू लेट ४१० विमान पट्टीच्या खालच्या बाजूला आदळले आणि दोघे वैमानिक गेले. पश्चिम नेपाळमधील जोमसोम येथे १४ मे २०१२ रोजी अग्नी एअरचे डॉर्नियर २२८ उतरणे सोडून वळत असताना डोंगराला धडकले. २१ पैकी १५ जणांचा मृत्यू झाला. मृतांत मुक्तिनाथच्या यात्रेला निघालेले भारतीय यात्रेकरूही होते. काली गंडकीच्या त्या खोऱ्यात दुपारी वारा इतका वाढतो की उड्डाणे सकाळीच उरकावी लागतात.

मग अशा पट्ट्या बंद का करू नयेत? याचे उत्तर सोपे नाही. रस्ता नसलेल्या खोऱ्यात आजारी माणसाला शहरात नेणे, औषधे आणणे, पर्यटनातून रोजगार मिळणे हे सर्व त्या पट्टीवर अवलंबून असते. हिलरी यांना स्वतःलाही छोट्या विमानांची किंमत मोजावी लागली. १९७५ मध्ये त्यांची पत्नी आणि मुलगी फाफ्लू येथे त्यांच्याकडे येत असताना काठमांडूहून उडाल्यानंतर लगेच विमान कोसळून मरण पावल्या. त्यांनी रुग्णालयाचे काम थांबवले नाही. धावपट्टीचा इतिहास हा असा गरज आणि धोका यांच्यातल्या सौद्याचा इतिहास असतो, आणि सौद्याच्या अटी बहुधा तेथे राहणाऱ्या लोकांनी ठरवलेल्या नसतात.

८. भारतातील चित्र

आपल्या देशालाही हाच प्रश्न आहे. ईशान्य भारतातील दुर्गम भागांसाठी १९८१ मध्ये वायुदूत ही कंपनी स्थापन झाली आणि पुढे तिने डॉर्नियर २२८ विमाने वापरली. २०१६ मध्ये उडान योजना जाहीर झाली. एप्रिल २०२२ मध्ये भारतात बनवलेल्या डॉर्नियर विमानाने दिब्रुगड ते पासीघाट ही नागरी सेवा सुरू झाली. दुसरीकडे, फुरसतगंज, जक्कूर, बारामती, धुळे, गोंदिया अशा ठिकाणी विद्यार्थी रोज उतरण्याचा सराव करतात. एका तासात सहा-सात वेळा टेकायचे आणि पुन्हा उडायचे, हा त्यांचा नेहमीचा अभ्यास असतो. साहजिकच उतरतानाचे किरकोळ अपघात येथे जास्त दिसतात.

कायद्याचा प्रवासही पाहा. भारतात १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे विमान नियम दीर्घकाळ लागू होते. १९४४ च्या शिकागो करारानंतर १९५१ मध्ये अपघात-चौकशीसाठी परिशिष्ट १३ स्वीकारले गेले. चौकशीचा हेतू अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा जबाबदारी ठरवणे हा नाही, असे ते आज स्पष्ट सांगते. भारतात पूर्वी अपघातांची चौकशी प्रामुख्याने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडेच असे. म्हणजे नियम करणारी आणि तपास करणारी संस्था एकच. २०१२ मध्ये वेगळे नियम करून विमान अपघात अन्वेषण ब्युरो स्थापन झाला. १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला आहे.

९. अपघात-अहवाल कसा वाचावा?

अंतिम अहवाल सार्वजनिक असतात, म्हणून ते तुम्हाला सहज मिळणारे प्राथमिक साधन आहे. वाचताना चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली: 'संभाव्य कारण' आणि 'साहाय्यक कारणे' या दोन भागांत काय कुठे ठेवले आहे ते पाहा. वैमानिकाचा निर्णय पहिल्या भागात आणि न दुरुस्त झालेला विंडसॉक दुसऱ्या भागात असेल, तर ही वाटणी कोणी आणि का केली, हे विचारा.

दुसरी: त्या दिवसाच्या आधीचा काळ शोधा. त्याच पट्टीवर पूर्वी असे घडले होते का? वैमानिकावर वेळेचा किंवा मालकाचा दबाव होता का?

तिसरी: अहवालात कोण बोलत नाही ते पाहा. मृत वैमानिक स्वतःची बाजू मांडू शकत नाही. पट्टीजवळ राहणारे लोकही अहवालात क्वचितच येतात.

चौथी: ज्या चुकांतून अपघात झाला नाही त्यांची नोंद सहसा नसते. वैमानिक वेळीच पुन्हा वर गेला, तर कागदावर काहीच उरत नाही. म्हणून केवळ अपघातांवरून काढलेला निष्कर्ष एकांगी ठरू शकतो.

समारोप

लिलिएंथालपासून लुक्लापर्यंत आपण पाहिले की उतरतानाच्या अपघाताचे स्पष्टीकरण टप्प्याटप्प्याने विस्तारत गेले. आधी वैमानिकाचे कौशल्य, मग पंखाचे विज्ञान, मग प्रशिक्षण, चाकांची रचना, कॉकपिटमधले खटके आणि शेवटी धावपट्टीची जागा व तिच्यामागची सामाजिक गरज. प्रत्येक टप्प्यावर आधीचे स्पष्टीकरण खोटे ठरले नाही. ते मोठ्या चित्राचा एक भाग ठरले. वैमानिकाची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. मात्र सगळा दोष एकट्या वैमानिकावर टाकून चौकशी थांबली, तर त्याच पट्टीवर पुढचे विमान उतरवणाऱ्याला त्यातून काहीच शिकायला मिळत नाही. तुमच्यापैकी काहींना उद्या विमान चालवायचे असेल, काहींना धोरण ठरवायचे असेल, बहुतेकांना वर्तमानपत्रातली बातमी वाचायची असेल. 'चूक कोणाची?' याच्या पुढचा प्रश्न विचारण्याची सवय तिघांनाही लागावी.

स्वाध्याय

१. १९१२ चा ब्रुकलँड्स अहवाल आणि १९८० चा अमेरिकी अभ्यास यांत 'चूक' या कल्पनेत झालेला बदल स्पष्ट करा.

२. पक्क्या धावपट्ट्यांमुळे आडव्या वाऱ्याची समस्या कशी वाढली? उदाहरणासह लिहा.

३. हवेतला वेग ६५ नॉट असताना समोरून ५ नॉट आणि पाठीमागून ५ नॉट वारा असेल, तर टेकतानाच्या ऊर्जेत किती पट फरक पडेल?

४. तुमच्या राज्यातील एखाद्या छोट्या धावपट्टीचा इतिहास शोधा. ती कोणी, केव्हा आणि कोणासाठी बांधली, आणि तेव्हा ती जमीन कशासाठी वापरात होती?